शेततळ्यात मासे सोडताना हिशेब मे महिन्याच्या पाण्याचा

शेततळ्यात किती मासे सोडायचे हे बहुतेक जण ऑगस्टमध्ये काठावर उभे राहून ठरवतात आणि तिथेच चुकतात. ऑगस्टमध्ये तळे तुडुंब असते आणि मासा बोटाएवढा. एप्रिल-मेमध्ये नेमके उलटे होते. मासा पाऊण किलोचा झालेला असतो आणि द्राक्षाची खरड छाटणी, डाळिंब, उन्हाळी कांदा यांना पाणी देऊन तळे निम्म्यावर आलेले असते. त्यात पाणी कोमट, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वर्षभर खाऊ घातलेले मासे एका रात्रीत उलटे तरंगतात ते याच दिवसांत. म्हणून बोटुकलीचा, म्हणजे सोडायच्या बोटभर पिल्लांचा, आकडा तळ्यातल्या सर्वांत कमी पाण्यावर ठरवायचा.

३० × ३० मीटर तोंडाचे, ३ मीटर खोल आणि १:१ उताराचे तळे घ्या. भरल्यावर त्यात २,१९६ घनमीटर म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावते. याच तळ्यात दीड मीटर पाणी उरले की पृष्ठभाग २७ × २७ म्हणजे ७२९ चौरस मीटर होतो आणि पाणी उरते सुमारे पावणेदहा लाख लिटर. खोली निम्मी झाली तर पाणी निम्म्याहून कमी होते, कारण तळे खाली निमुळते असते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून खुणा करून ठेवा. १:१ उतारावर तळ्याच्या प्लास्टिक कागदावरून मोजलेले ४२ सेंटिमीटर अंतर म्हणजे ३० सेंटिमीटर खोली. गाठी मारलेला एक जाड दोर काठापासून तळापर्यंत सोडून ठेवला की रोजचे पाणी गाठींवर वाचता येते, आणि पाय घसरून आत पडलेल्याला तोच दोर धरताही येतो.

आकडा असा काढा. हवा मिसळायचे यंत्र नसेल आणि रोज खाद्य घालणार असाल, तर सर्वांत कमी पाण्याच्या वेळच्या पृष्ठभागावर दर १० चौरस मीटरला ७ बोटुकल्या. वरच्या तळ्यात हे सुमारे ५०० होतात. त्यातल्या ४०० हाती लागल्या आणि सरासरी ८०० ग्रॅम भरल्या तर ३२० किलो मासा निघतो. एवढे वजन तेवढे पाणी पेलू शकते. खाद्य घालणार नसाल, फक्त शेणखतावर आणि तळ्यातल्या शेवाळावर सोडणार असाल, तर २०० ते २५० पुरेत. ‘मरतील म्हणून दुप्पट सोडू’ हा विचार महाग पडतो. दुप्पट सोडलेल्या बोटुकल्या मरत नाहीत, त्या पाव किलोवर अडकून बसतात आणि बाजारात त्यांना मोठ्या माशाचा भाव मिळत नाही.

फेब्रुवारीतच पाणी एक मीटरच्या खाली जात असेल तर वर्षभराचे गणित सोडून द्या. अशा तळ्यात १०० ते १५० ग्रॅमच्या, वर्षभर दाटीत ठेवून वाढ रोखलेल्या बोटुकल्या ऑगस्टमध्ये सोडाव्यात. दाटीतून मोकळ्या पाण्यात आल्यावर त्या राहिलेली वाढ झपाट्याने भरून काढतात आणि पाणी संपण्याआधी विक्रीला येतात. नगाला जास्त पैसे पडतात, पण पाणी आटण्याशी शर्यत लावायची असेल तर दुसरा चांगला उपाय नाही.

कोणते मासे, कोणत्या प्रमाणात

कटला वरच्या थरात राहून पाण्यातले सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात, आणि मृगळ तळाशी कुजलेले खातो. तिघांची पंगत वेगवेगळी असल्याने एका पाण्यात तिघे मावतात. मातीच्या तळ्यासाठी कटला ३, रोहू ४, मृगळ ३ असे प्रमाण सर्वत्र सांगितले जाते. कागदाच्या तळ्यात ते जसेच्या तसे घेऊ नका. कागदावर गाळ नसतो, गाळ नाही म्हणून तळातले किडे नाहीत, आणि मृगळाच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. इथे दहात कटला ४, रोहू ४ आणि मृगळ २ हे प्रमाण बरे. दोन-तीन वर्षे तळे धुतले नसेल आणि तळाशी वीतभर गाळ साचला असेल तर मृगळ वाढवायला हरकत नाही.

वरून १० ते १५ गवत्या (ग्रास कार्प) मासे टाकता येतात. गवत्याला लसूणघास, नेपियर किंवा बांधावरचे कोवळे गवत लागते, आणि उबदार पाण्यात तो दिवसाला जवळजवळ स्वतःच्या वजनाइतका हिरवा चारा संपवतो. त्याची विष्ठा पाण्याला खत होते. बांबूची चौकट करून तिच्यात चारा टाका, म्हणजे काड्या पंपाकडे जात नाहीत. चंदेरा (सिल्व्हर कार्प) घालायचा असेल तर कटला तेवढा कमी करा. दोघेही वरच्या थरातले आहेत आणि चंदेरा कटल्याला मागे टाकतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) तोंडाने तळ उकरतो, त्यामुळे पाणी सतत गढूळ राहते आणि ठिबकचे फिल्टर वारंवार तुंबतात. बागेसाठी बांधलेल्या तळ्यात तो नकोच.

थायलंडचा मागूर कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. तो खादाड शिकारी आहे, ओढ्यात निसटला तर तिथले मासे संपवतो, आणि भारतात त्याच्या पालनावर बंदी आहे.

तळ्याची तयारी

आधी आहेत ते मासे काढा. नदी-नाल्यातून पंपाने पाणी भरलेल्या तळ्यात मरळ, शिंगटी, चिलापी (तिलापिया) यांची पिल्ले हमखास आलेली असतात. कागदाचे तळे असेल तर पूर्ण उपसून आठ दिवस वाळवणे हा सर्वांत स्वस्त आणि पक्का उपाय. फक्त कडक उन्हात उघडा राहिलेला कागद कमकुवत होतो, म्हणून हे काम लांबवू नका. उपसता येत नसेल तर मोहाची पेंड वापरावी लागते: दर १,००० घनमीटर पाण्याला २५० किलो, रात्रभर भिजवून सर्वत्र शिंपडायची. तिच्यातले सॅपोनिन माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. विषाचा असर १५ ते २० दिवस राहतो आणि पुढे तीच पेंड खत होते. तोवर बोटुकली सोडायची नाही. सोडण्याआधी चार बोटुकल्या जाळीच्या डब्यात घालून एक दिवस पाण्यात ठेवून बघा.

चुना सरसकट टाकायची पद्धत आहे, ती सोडा. आधी सामू (पीएच) मोजा, सकाळी एकदा आणि दुपारी तीनला एकदा. दख्खनच्या पठारावर विहिरीचे, बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी आधीच ८ च्या आसपास असते. त्यात चुना टाकून सामू ९ च्या वर नेला तर माशाला त्रासच होतो. सामू ७ च्या खाली असेल तरच, वरच्या मापाच्या तळ्याला २० किलो चुना विरघळवून, निवल्यावर शिंपडा आणि खत घालण्याआधी आठवडाभर थांबा. माशाला ७ ते ८.५ मानवतो.

नवा कागद टाकून भरलेल्या तळ्यात पाणी काचेसारखे निर्मळ असते. माणसाला ते छान वाटते, कटल्याला मात्र ते रिकामे ताट आहे. पाण्याला हिरवट-तपकिरी रंग आणण्यासाठी मातीच्या तळ्यात एकरी टनावारी शेण टाकतात. कागदाच्या तळ्यात तसे केले तर ते तळाशी कुजत पडते आणि प्राणवायू खाते. त्याऐवजी ३० किलो शेंगदाणा पेंड, १० किलो ताजे शेण आणि २ किलो सिंगल सुपर फॉस्फेट पिंपात दोन दिवस भिजवा, फडक्यातून गाळा आणि सकाळच्या उन्हात सगळीकडे शिंपडा. हे प्रमाण वर धरलेल्या नऊ गुंठ्यांच्या तळ्याचे आहे. पाच ते आठ दिवसांत रंग येतो. नाही आला तर यातले निम्मे प्रमाण पुन्हा द्या.

रंग पुरेसा आहे का, हे हाताने कळते. तळहात वाकवून हात पाण्यात घाला. पाणी कोपरापर्यंत आले की तळहात दिसेनासा व्हावा. मनगटाशीच दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त आहे: खत बंद, खाद्य निम्मे. कोपर बुडूनही बोटे मोजता येत असतील तर खत कमी पडते आहे. पाण्याचा गढूळपणा मोजायची (सेक्की) चकती वापरणाऱ्यांसाठी २५ ते ४० सेंटिमीटर ही मर्यादा. मात्र मातीने गढूळ झालेल्या पाण्यातही हात दिसत नाही, आणि त्या पाण्यात खायला काही नसते. रंग मातकट आहे की हिरवट, ते आधी पाहा.

पंपाच्या फूटव्हॉल्व्हला मोठी टोपली बसवा, ६ ते ८ मिलिमीटर छिद्रांची. मच्छरदाणी गुंडाळू नका, ती तासाभरात तुंबते आणि ओढ वाढून बोटुकल्या तिला चिकटून मरतात. टोपली जितकी मोठी तितकी प्रत्येक छिद्रापाशी ओढ कमी. फूटव्हॉल्व्ह तळापासून फूटभर वर ठेवा. खालचे पाणी प्राणवायूने गरीब आणि खताने श्रीमंत असते. ते बागेला गेलेले दोघांच्याही फायद्याचे. फिल्टर मात्र जास्त वेळा धुवावा लागेल, हे गृहीत धरा.

आणखी एक गोष्ट तयारीतच मोडते. कागदाच्या ओल्या, शेवाळलेल्या उतारावरून पोहणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. मासे सोडले की तळ्याकडे जाणे-येणे वाढते, मुले बघायला येतात. भोवती तारेचे कुंपण, चारही बाजूंना गाठींचे दोर आणि हवा भरलेली एक ट्यूब काठाला बांधलेली, एवढे झाल्याशिवाय बोटुकलीची मागणी नोंदवू नका.

बोटुकली निवडणे आणि आणणे

कटला, रोहू, मृगळ साठलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात वाहत्या नदीत घालतात. म्हणून बीज दरवर्षी विकत आणावे लागते. एकेकाळी ते नदीतूनच गाळून आणत आणि त्यात नको त्या माशांची पिल्लेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून शुद्ध जातीचे बीज केंद्रातून मिळू लागले. आजही १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात.

केंद्रात तीन गोष्टी विकायला असतात. मत्स्यजिरे म्हणजे ८ मिलिमीटरचे, डोळे आणि शेपूट एवढेच दिसणारे पिल्लू. त्यानंतर इंचभराचे बीज. त्यानंतर बोटुकली. जिरे स्वस्त म्हणून शेततळ्यात टाकणे म्हणजे पाणकिडे आणि बेडूक पोसणे आहे. सोडायची ती ७५ ते १०० मिलिमीटरची बोटुकली, आणि ती जुलैत नाही, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये मिळते. जुलैत कोणी ‘बोटुकली’ देत असेल तर पट्टी लावून मोजा. ती गेल्या वर्षीची असेल तर उत्तमच, नाहीतर ते बीज आहे.

घेताना टबात पाणी घेऊन पन्नासेक बोटुकल्या सोडा आणि हाताने पाणी गोल फिरवा. तब्येतीने चांगल्या असलेल्या प्रवाहाविरुद्ध पोहत कडेला राहतात, आजारी मधोमध गोळा होतात. खवले उडालेले, पाठीवर पांढरे ठिपके, डोके मोठे आणि अंग बारीक अशा दिसल्या तर तो लॉट घेऊ नका. आकार सारखा हवा. मोजणी वाटीने होत असेल तर पहिली आणि मधली एक अशा दोन वाट्या स्वतः मोजून घ्या.

भरण्याआधी एक दिवस बोटुकल्या उपाशी ठेवायला सांगा. पोट भरलेला मासा पिशवीत विष्ठा करतो, तिचा अमोनिया होतो आणि घरी पोचेपर्यंत पाणी विषारी झालेले असते. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश प्राणवायू असावा. गाडी रात्री किंवा पहाटे निघावी, पिशव्यांवर ओले पोते असावे, आणि वाटेत चहासाठी उन्हात थांबू नये.

पाण्यात सोडण्याचा तास

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, म्हणून लोक पाण्याला किंवा बीजाला दोष देतात.

पिशव्या न उघडता तळ्याच्या सावलीच्या बाजूला २० मिनिटे तरंगत ठेवा. आतले आणि बाहेरचे तापमान हाताला सारखे लागले पाहिजे. पिशवी उघडल्यावर मात्र रेंगाळू नका. बंद पिशवीत माशांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्याने सामू खाली असतो आणि साचलेला अमोनिया सौम्य रूपात राहतो. तोंड उघडताच तो वायू उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून तापमान जुळवायचे ते बंद पिशवीत. उघडल्यानंतर दहा मिनिटांत, तळ्याचे पाणी तांब्या-तांब्याने तीन-चार वेळा आत घालून, पिशवी आडवी करायची. बोटुकल्या आपल्या आपण बाहेर पडू द्या. वरून ओतू नका. ज्या पिशवीतच राहतात त्या बहुधा वाचणार नसतात. त्या वेगळ्या काढून मोजा.

मिठाचे पाणी द्यायचे असेल तर १० लिटरला २०० ग्रॅम जाडे मीठ, जाळीतून एक ते दोन मिनिटे. मासा कलंडायला लागला की ताबडतोब बाहेर. दमलेल्या, लांबून आलेल्या लॉटला हे करू नये.

५० बोटुकल्या मोजून हाप्यात, म्हणजे जाळीच्या चौकोनी पिंजऱ्यात, तळ्यातच ४८ तास ठेवा. त्यातल्या ४ मेल्या तर ५०० पैकी ४० गेल्या असे धरायला हरकत नाही. मेलेले छोटे मासे तळाशी जातात, दिसत नाहीत, आणि मग वर्षभर नसलेल्या माशांना खाद्य घातले जाते. हाप्यातला हा आकडा लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर चालतो.

खाद्य आणि पहाटेची फेरी

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात, किंवा २८ टक्के प्रथिनांचे तरंगते खाद्य. सुरुवातीला माशांच्या एकूण वजनाच्या ५ टक्के: ५०० बोटुकल्या प्रत्येकी १५ ग्रॅमच्या असतील तर दिवसाला पावणेचारशे ग्रॅम. पाव किलोच्या पुढे मासा गेला की अडीच ते तीन टक्के. ३०० ग्रॅमच्या ४२० माशांना रोज तीन किलोच्या आसपास लागते. दर महिन्याला फेकजाळ्याने २०-२५ मासे काढून सरासरी वजन घ्या, त्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

खाद्य सकाळी नऊनंतर आणि दुपारी चारला. पहाटे घालू नका, तेव्हा पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. तरंगते खाद्य अर्ध्या तासात संपले नाही तर दुसऱ्या दिवशी कमी करा. पेंड-कोंडा असेल तर खाली छिद्रे पाडलेल्या गोणीत भरून दोराला लटकवा. कागदात बांबू रोवता येत नाही, म्हणून तळ्यावर आडवा दोर ताणावा. ढगाळ, कुंद दिवशी खाद्य बंद. डिसेंबर-जानेवारीत थंडीने मासा कमी खातो, तेव्हा निम्मे करा.

पहाटे साडेचार ते सहा ही वेळ तळ्याची खरी परीक्षा. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री स्वतःच तो वापरते, म्हणून तूट पहाटे पडते. मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा ओढताना दिसले आणि नऊपर्यंत खाली गेले, तर तो प्राणवायूचा प्रश्न आहे. दिवसभर वरच राहिले तर कल्ले किंवा अमोनिया यांचा संशय घ्या. अशा वेळी पंप चालू करून तळ्यातलेच पाणी नळीला नोझल लावून उंचावरून तळ्यावरच फवारा. बोअरचे पाणी थेट आत सोडल्याने लगेच फायदा होत नाही, जमिनीखालच्या पाण्यातही प्राणवायू कमीच असतो. तेही फवारूनच सोडा. त्या दिवशी खाद्य नाही, खत आठवडाभर नाही. आधी मोठे मासे मरतात, आणि त्यातही कटला पहिला.

तीन मीटर खोल तळ्यात उन्हाळ्यात वरचे पाणी गरम आणि खालचे गार असे दोन थर होतात. खालच्या थरात प्राणवायू जवळजवळ नसतो. वळवाचा गार पाऊस आणि वारा आला की दोन्ही थर एकदम मिसळतात आणि संपूर्ण तळ्याचा प्राणवायू खाली येतो. वळवाच्या संध्याकाळी पंप तयार ठेवा. खालून पाणी उपसत राहिलेल्या तळ्यात हा धोका कमी असतो.

फवारणीचा पंप तळ्यावर धुणे हे दुसरे मोठे कारण. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके माशाला अत्यल्प मात्रेत मारतात, आणि मोरचूदही माशाला विषारी आहे. फवारणीचे पाणी तळ्यातून घ्यायचे ते बादलीने, आणि ती बादली औषधाला कधीच लावायची नाही. ठिबकमधून खत देत असाल तर पाणी मागे न येऊ देणारी झडप (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) बसवा, नाहीतर पंप बंद झाल्यावर युरियाचे पाणी तळ्यात परत येते.

पाणकावळा बुडी मारून मासा धरतो आणि थवा उतरला तर आठवड्यात तळे विरळ करतो. तळ्यावर दोन्ही दिशांनी दोर किंवा जुनी जाळी ताणणे एवढाच टिकणारा उपाय. बुजगावण्याला पक्षी चार दिवसांत ओळखतात.

मरळ पाळायची असेल तर

मरळीला भाव चांगला मिळतो, आणि ती हवेतून श्वास घेते, म्हणून उन्हाळ्यातल्या कमी पाण्यात टिकते. पण ती शिकारी आहे. तिच्यासाठी गणित वेगळे: आधी चाऱ्याचे मासे, मग मरळ, आणि मरळीची संख्या चाऱ्यावर.

अमेरिकेतल्या खासगी तळ्यांत हीच जोडी ब्लूगिल (चारा) आणि बास (शिकारी) या माशांची लावतात. अलाबामातल्या ऑबर्न येथे एच. एस. स्विंगल यांनी गेल्या शतकात तळ्यांवर दीर्घ काम करून जे प्रमाण रूढ केले, ते खत दिलेल्या तळ्यात एकरी १,००० ब्लूगिलला १०० बास असे आहे; ब्लूगिल शरद ऋतूत आणि बास पुढच्या वर्षी. मासे वेगळे असले तरी तत्त्व इथे तंतोतंत लागू पडते. बास इथे आणायचा नाही, त्याची गरजही नाही.

चाऱ्याचा मासा साठलेल्या पाण्यात स्वतः पिलावळ वाढवणारा हवा. १९५२ मध्ये भारतात आलेली चिलापी हे काम सर्वांत जोमाने करते. बऱ्याच धरणांत ती आधीच आहे. तीन-चार इंचांच्या १०० चिलापी नऊ गुंठ्यांना पुरतात. त्यांच्याबरोबर ओढ्यातले छोटे गावठी मासे आणि पाण्यातले बारीक झिंगे मिळाले तर फार चांगले, कारण लहान मरळीला चिलापीचे पिल्लूही कधी कधी मोठे पडते. सुधारित चिलापी आणण्याआधी मात्र मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घ्या.

अडीच-तीन महिने थांबा. काठाला पिल्लांचे थवे दिसू लागले की ८ ते १० सेंटिमीटरच्या, एकसारख्या मापाच्या २५ मरळी सोडा. त्याहून जास्त नको. एक किलो मरळ वाढायला ५ ते १० किलो चाऱ्याचे मासे लागतात. २५ मरळी ८०० ग्रॅमच्या झाल्या तर २० किलो मरळीमागे १०० ते २०० किलो चारा, आणि खाद्य न घालता नऊ गुंठे साधारण तेवढेच देऊ शकतात. १०० सोडल्या तर चारा दोन महिन्यांत संपतो, मग मोठी मरळ लहान मरळीला खाते आणि शेवटी पाच-सहा जाडजूड मरळीच हाती येतात. मापात फरक असेल तर हे पहिल्याच आठवड्यात सुरू होते.

मरळ पावसात उडी मारते आणि ओल्या उतारावरून सरपटत बाहेर जाते. काठाला दोन-अडीच फूट उंच, आत झुकलेली जाळी हवीच. पृष्ठभाग जलपर्णीने किंवा शेवाळाच्या चादरीने पूर्ण झाकला तर तिला हवा घेता येत नाही. निम्मा तरी मोकळा ठेवा.

कटला-रोहूच्या तळ्यात चिलापी शिरून नुसती पिल्लावळ झाली असेल तर तिथेही मरळ उपयोगी पडते. मरळ आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा मासा सहज गिळते. कटला-रोहू पाव किलोच्या पुढे गेल्यावर, बोटभर मापाच्या दहा-बारा मरळी सोडल्या तर त्या मोठ्या माशांना हात लावत नाहीत आणि चिलापीची पिल्ले आवाक्यात ठेवतात. पुढच्या वर्षी नवी बोटुकली सोडण्याआधी मात्र प्रत्येक मरळ मोजून बाहेर काढावी लागते. एक जरी राहिली तरी नव्या बोटुकल्यांवर रोज तिचा हात फिरतो.

काढणी

सगळे मासे एकदम काढण्याची वाट बघू नका. जानेवारी-फेब्रुवारीपासून पाणी कमी होऊ लागते, तेव्हाच पाऊण किलोच्या वरचे मासे ओढजाळ्याने काढायला लागा. उरलेल्यांना जागा मिळते आणि मेमधला धोका आपोआप घटतो. काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा, जाळे पहाटे ओढा. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाचे मणी असतील तर ते गुळगुळीत आहेत का ते बघा. एक खडबडीत मणी कागद फाडतो, आणि गळती पाणी उतरल्यावर लक्षात येते. आत उतरणाऱ्याने अनवाणी उतरावे, कमरेला दोर बांधून, आणि दोराचे दुसरे टोक काठावरच्या माणसाच्या हातात असावे.

पाणी दीड मीटरच्या गाठीला आले की जे मासे उरले असतील त्यांचा गिऱ्हाईक त्याच आठवड्यात ठरवा. एक मीटरच्या गाठीपर्यंत थांबू नका.